हिरव्या दिव्याखाली

कोष उघडताना मुंगी घाई करत नाही. मुंगळ्याचा कोष तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, रंगाने जुन्या कागदासारखा असतो. कामकरी मुंगी आधी त्याच्यावरून मिशा फिरवते, मग थांबून उलट्या दिशेने पुन्हा फिरवते. बहुतेक कोषांना नुसतं चाटून ती पुढे जाते. एखाद्यापाशी मात्र ती रेंगाळते. कडेला जबड्याने छिद्र पाडते, ते रुंद करत जाते, आवरण सोलून बाजूला ठेवते. आतल्या पांढऱ्या, अजून रंग न धरलेल्या जिवाला चावे घेते आणि पोट वाकवून त्या जखमांवर आम्ल सोडते. आतली बुरशी मरते. आतला जीवही मरतो. वारूळ वाचतं.

केतकी माने हे दृश्य अनेक वर्षं बघत होती, तरी दर वेळी त्या छिद्राशी तिची नजर अडकायची. ते नेहमी कडेलाच का पडतं, याचं उत्तर तिला अजून मिळालं नव्हतं.

आंबा घाटातल्या संशोधन केंद्रात आता ती एकटीच होती. पुढे प्रयोगशाळेच्या दोन खोल्या, मागे तिचं राहण्याचं घर. फाटकापाशी पहारेकरी असायचा, पण तो फाटकापाशीच. दिवाळीपासून तिची पाठ दुखत होती. सूक्ष्मदर्शकावर वाकून बसणाऱ्या बाईची पाठ दुखणारच, असं म्हणून तिने खुर्चीवर एक उशी ठेवली होती. संध्याकाळी अंग जरासं कोमट वाटायचं. तेव्हा ती घरातल्या भिंतीकडे बघायची. तिथे राखण हिरवी असायची.

राखण म्हणजे डब्याएवढं पांढरं यंत्र. मागच्या साथीनंतर सरकारने एकटं राहणाऱ्या सगळ्यांच्या घरांत ते बसवलं होतं. ते खोलीतली हवा ओढून घेई आणि त्वचेतून, श्वासातून येणारे वास तपासत राही. आतून मोठा संसर्ग जडला की माणसाचा वास बदलतो, ताप किंवा खोकला येण्याच्या कितीतरी आधी. माणसाच्या नाकाला ते कळत नाही, राखणीला कळतं. शिवाय प्रत्येकाचा वास अंगठ्याच्या ठशासारखा वेगळा असल्यामुळे, ज्याचा वास आधी नोंदलेला असेल त्याचा बदल तिला ओळखता येई. सगळं ठीक असेल तर दिवा हिरवा. बदल दिसला तर पिवळा, आणि मग आरोग्य केंद्रातून फोन येई, पाठोपाठ गाडी.

ही कल्पना मुंग्यांवरून आली होती. आजारी कोषाचा वास बदलतो आणि मुंग्या तो ओळखतात, हे तपासणाऱ्यांत केतकीही होती. राखण बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीने तिच्या कामाचा वापर केला होता, आणि एक राखण तिच्या भिंतीवर फुकट लावून दिली होती.

एका दुपारी पाठीची कळ अशी आली की ती काम अर्धं टाकून आडवी झाली. बुरशी लावलेल्या कोषांची एक बशी तशीच राहिली. त्यात कामकरी मुंग्या सोडायच्या राहून गेल्या. सकाळी तिने बशीवर ठेवलेल्या वास मोजणाऱ्या यंत्राची नोंद पाहिली. काहीच नव्हतं. कोष निरोगी असल्यासारखे गप्प होते. बुरशी लागलीच नसावी असं समजून तिने एक कोष चिमट्याने फोडला. आत सगळं बुरशीने भरलेलं होतं.

तिने प्रयोग पुन्हा मांडला. एका बशीत नुसते आजारी कोष. दुसऱ्या बशीत तसेच कोष, आणि बारीक जाळीपलीकडे त्याच वारुळाच्या दोन मुंग्या, स्पर्श होऊ शकणार नाही अशा. पहिली बशी शेवटपर्यंत गप्प राहिली. दुसरीत मुंग्या सोडल्यावर थोड्याच वेळात वास वाढू लागला. मुंग्या काढून घेतल्या की ओसरायचा. दुसऱ्या वारुळाच्या मुंग्या सोडल्या तर येतच नव्हता.

असं परदेशातल्या दुसऱ्या एका जातीच्या मुंग्यांत दिसलं होतं, ते तिने वाचलेलं होतं. कारणही तसं साधं होतं. तो वास बनवायला कोषाला शक्ती खर्चावी लागते. वास म्हणजे, मला शोधा, मी धोकादायक आहे, ही हाक. ऐकायला आपलं कुणी जवळ नसेल तर हाक मारून उपयोग नसतो. म्हणून अंग ती मारत नाही.

तिने जाळी पुसून जागेवर ठेवली. हात धुताना तिचं लक्ष मागच्या दारातून दिसणाऱ्या हिरव्या दिव्याकडे गेलं, आणि ती नळ बंद करायचं विसरून तिथेच उभी राहिली.

*

“मॅडम, परत मुंग्या?” निशिकांत वैराट फोनवर म्हणाला. राखणीच्या नोंदी सांभाळणारा हा माणूस पुण्यात बसायचा. केतकीशी त्याची ओळख फोनवरचीच.

“निशिकांत, राखणीला वास ओळखायला शिकवलंत, ते कुठे?”

“वॉर्डात. तीन-चार इस्पितळांत. का?”

“खाटेजवळ कोण होतं?”

“म्हणजे?”

“पेशंटजवळ कोण बसलेलं असायचं?”

तो हसला. “मॅडम, आपल्याकडचा वॉर्ड. खाटेपाशी एक नातेवाईक असतोच. आई, बायको, नाहीतर भाऊ. डबा, थर्मास, खाटेखाली सतरंजी. पाटीच असते, रुग्णाजवळ एकच नातेवाईक थांबेल. एकही नाही असा पेशंट आम्हाला मिळाला नाही.”

“आणि नंतर ती एकट्या माणसांच्या घरांत लावलीत.”

केतकीने दोन्ही बश्यांचं सांगितलं. ते ऐकून तो म्हणाला, “मॅडम, आमचा एक नियम आहे. एकट्या माणसाच्या घरी पाहुणा असताना पिवळा लागला, तर तो खरा धरत नाही. पाहुण्याचा वास आमच्या नोंदीत नसतो, दोघांचे मिसळले असतील म्हणून. पाहुणा गेला की पुन्हा नोंद घ्यायची. हिरवा आला की आधीचा पिवळा खोडायचा.”

“पाहुणा गेला की हिरवाच येणार.”

“हो. ते आता कळतंय.”

त्याने संध्याकाळी पुन्हा फोन केला. आवाज बसलेला होता. “खोडलेले पिवळे काढले. मुलगी माहेरी आली की पिवळा, गेली की हिरवा. दिवाळीत पिवळा, भाऊबीज झाली की हिरवा. त्यातली बरीच माणसं नंतर… शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा आमचा दिवा हिरवाच होता. आम्ही यंत्र बिघडलं असं धरत होतो. यंत्र बदलून द्यायचो, मॅडम.”

“परक्या माणसाने होतं का असं? कुरिअरवाला, नर्स?”

“नाही. नर्स रोज येते तिथे काही नाही. आपलं माणूस यावं लागतं, आणि थोडं बसावं लागतं. अंग कुणाला आपलं म्हणतं, ते माझ्याकडच्या आकड्यांत नाही.” मग त्याने विचारलं, “मुंग्यांमध्ये ही हाक ऐकल्यावर बाकीच्या काय करतात म्हणालात?”

“मारतात.”

“आणि माणसात ती कशासाठी आली असेल?”

“माहीत नाही.” तिने विषय बदलला. “एक घर बघ. तासगाव. शालन माने.”

“तुमच्या कोण?”

“सासूबाई.”

तो शोधत होता. केतकीला कळांचा टकटक आवाज ऐकू येत होता. “सगळं हिरवं आहे. एकही खोडलेला पिवळा नाही.”

“बरं झालं.”

“नाही मॅडम. खोडायला लागलाच नाही, कारण त्यांच्याकडे कुणी आलंच नाहीये. वर्षभरात एकदाही घरात दोन माणसांची नोंद नाही.”

“शेजारी आहेत त्यांना.”

“शेजारी दारात उभे राहतात, मॅडम. आत येऊन बसत नाहीत. साथीपासून सगळीकडेच तसं झालंय.” मग त्याने जरा चाचरत म्हटलं, “तुमच्याकडेही तसंच—”

“माझं नंतर बघू,” केतकी म्हणाली.

*

दर रविवारी ती शालनबाईंना फोन करी. “हिरवा?” “हिरवा.” “जेवलात?” “जेवले की. तू?” एवढंच. हिरवा दिवा म्हणजे पुढचा आठवडा न जाण्याची मुभा, असं तिने कधी स्वतःशी म्हटलं नव्हतं. पण तसंच होतं.

संग्राम हा शालनबाईंचा एकुलता मुलगा आणि केतकीचा नवरा. साथीत तो आईकडे गेला असताना आजारी पडला. गाडी आली आणि त्याला सांगलीच्या विलगीकरणात घेऊन गेली. आत कुणाला सोडत नव्हते. शालनबाई रोज डबा घेऊन समोरच्या रस्त्यावर उभ्या राहायच्या. केतकी घाटात अडकली होती, रस्ते बंद होते. तो तिथेच गेला, जवळ कुणी नसताना. दहाव्याला शालनबाई म्हणाल्या, “इकडं ये राहायला. दोन खोल्या हायत. एकीत मी, एकीत तू.” केतकी म्हणाली, “बघते.”

तिला तेव्हा वाटलं होतं, दोन माणसं एका घरात राहिली की त्यातलं एक कधीतरी मागे उरणार. ते पुन्हा नको. शालनबाईंचं घसा खाकरणं हुबेहूब संग्रामसारखं होतं, तेही तिला सहन होत नव्हतं. मग ‘बघते’ म्हणणं एवढं सोपं झालं की शालनबाईंनी विचारणंच सोडून दिलं.

*

तासगावच्या स्टँडवर शालनबाई फलाटापाशीच उभ्या होत्या. बांधा काटक, काठाचं साधं लुगडं, खांद्याला जुनी खाकी पिशवी. एस.टी.त बायका कंडक्टर म्हणून घ्यायला लागले तेव्हा ज्या पहिल्या लागल्या, त्यांतल्या त्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी येणाऱ्या प्रत्येक गाडीचा उशीर त्या मनात धरायच्या.

“आलीस व्हय,” त्या म्हणाल्या. “परतीचं कधीचं?”

हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. उतरणाऱ्याला परतीची गाडी विचारायची सवय. केतकीला तो प्रश्न नेहमी सोयीचा वाटे, कारण तिचं परतीचं तिकीट कायम काढलेलं असे.

“अजून काढलं नाही.”

शालनबाईंनी तिच्याकडे वर-खाली पाहिलं. “कोण गेलं काय?”

“नाही.”

“मग? परतीचं न काढता तू कधी आली न्हाईस. आणि पाठ धरून का उतरलीस?”

“गाडी हादरते घाटात.”

“ड्रायव्हर कोण हुता?”

“आई, मला काय माहीत.”

“विचारायचं. आमच्या वेळी पाशिंजरं नाव घेऊन शिव्या द्यायची.” त्यांनी केतकीच्या हातातली पिशवी काढून घेतली, आणि चालता चालता खोकल्या. कोरडा, खालून येणारा खोकला. केतकीने मनात तो नोंदवला.

घर स्टँडमागच्या गल्लीत. दोन खोल्या, वर स्लॅब, दारात कुंडीत तुळस. समोरच्या दारातली बाई हात वर करून “सूनबाई व्हय?” म्हणाली आणि जागची हलली नाही. आत भिंतीवर राखण होती. तिच्यावर शालनबाईंनी क्रोशाचा पांढरा रुमाल घातला होता. त्याच्या भोकांतून हिरवा उजेड येत होता.

“हे काय?”

“उघडं बरं दिसत न्हाई. टकामका बघत असतंय.”

“त्याला हवा लागते, आई.”

“भोकं हायत की. एवढी भोकं मी काय हौस म्हणून विणली?”

केतकीला हसू आलं. खूप दिवसांनी आलं म्हणून ते तिला स्वतःलाच विचित्र वाटलं. शालनबाईंनी चहा टाकला. पाठमोऱ्या उभ्या असताना पुन्हा खोकल्या.

“खोकला कधीपासून?”

“परवा शेंगा भाजल्या. धूर.”

“आई.”

“हिरवा हाय ना दिवा? तूच सांगितलंस, हिरवा म्हणजे बरं.”

केतकीने सांगितलं. बश्या, जाळी, वॉर्डातले नातेवाईक, खोडलेले पिवळे. शालनबाई जमिनीवर बसून शेंगा फोडत ऐकत होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी टरफलं ताटलीत गोळा केली.

“म्हणजे एकटं माणूस असलं की अंग गप बसतंय.”

“हो.”

“शानं हाय मग अंग. ऐकायला कोण न्हाई तर कशाला बोंबलायचं.” त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. “आणि मुंग्या? ऐकल्यावर औषध देत्यात?”

“मारतात. कोषातल्यांना.”

“मग गप बसलेलं काय वाईट?”

“सगळ्यांना नाही मारत. एखादी बाहेरून अंगावर बुरशीचे कण घेऊन आली, तर बाकीच्या तिला चाटून काढतात. त्यात त्यांच्याही अंगात थोडे थोडे कण जातात. त्या आजारी पडण्याइतके नाही. आणि पुढच्या वेळी तीच बुरशी आली तर त्या टिकतात.”

“टोचून घेतल्यावानी.”

“तसंच. जवळ गेल्याशिवाय ते होत नाही.”

“आणि जी बरी व्हायची न्हाई ती?”

“ती आपणहून निघून जाते. वारुळापासून लांब. तिथे एकटी मरते.”

शालनबाईंनी मान हलवली. पुढची शेंग फोडता फोडता, वर न बघता म्हणाल्या, “तुला ती मुंगी लई आवडत असणार.”

केतकीचा चहा गार झाला होता, तो तिने तसाच प्यायला.

थोड्या वेळाने शालनबाई म्हणाल्या, “म्हणजे आज तू बसायची, आणि माझं अंग काय बोलतंय ते बघायचं.”

“हो.”

“बोललं तर गाडी येणार.”

“लगेच कळलं तर औषधाने बरं होतं, आई.”

“त्यालाबी असंच सांगितलं हुतं.” त्यांचा आवाज बदलला नाही. “मला मरायचं भ्या न्हाई. पण एकटीला न्यायचं न्हाई. तू माझ्यासंगं गाडीत बसायचंस. न्हाई म्हणाले तर भांडायचंस. तुला भांडता येत न्हाई, पर शीक.”

“बसेन.”

“बघते म्हणशील.”

“नाही म्हणणार.”

दुपार सरली. शालनबाईंनी भाकरी थापल्या, आमटी केली. केतकी ओट्याला टेकून उभी राहिली, कारण बसलं की पाठ जास्त दुखत होती. काम करता करता शालनबाई तिला जुन्या गाड्यांच्या गोष्टी सांगत होत्या. चिंचणीच्या गाडीत कोंबडं सुटलं होतं त्याची. तिकीट न काढता झोपेचं सोंग घेणाऱ्या तालुक्याच्या पुढाऱ्याला त्यांनी मधल्या माळावर उतरवलं होतं त्याची. “म्हणाला, ओळखलं न्हाई का मला. म्हटलं, ओळखलं म्हणूनच.” केतकी हसायची, आणि हसता हसता रुमालाच्या भोकांकडे बघायची. हिरवं. अजून हिरवं. कदाचित खरंच शेंगांचा धूर असेल. कदाचित मुंग्यांचं मुंग्यांपाशी आणि माणसांचं वेगळं.

ताटं घेतली तेव्हा बाहेर दिवेलागण झाली होती. शालनबाईंनी तिच्या भाकरीवर लोणी ठेवलं, न विचारता. केतकीने पहिला घास मोडला आणि तिला जाणवलं की खोलीतला उजेड बदललाय. समोरच्या भिंतीवर रुमालाची नक्षी पडली होती. हळदीच्या रंगाची.

शालनबाईंनीही पाहिलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

“झालं,” त्या म्हणाल्या. मग उठल्या, हात धुतला, खुंटीवरची खाकी पिशवी काढली आणि तीत टॉवेल, चष्मा आणि एक लुगडं भरायला लागल्या. हात स्थिर होते. “दाराला कुलूप तू लाव. किल्ली समोरच्या सुमनकडं दे. आणि आमटी झाकून ठेव.”

“आई, थांबा. मी आहे तुमच्याबरोबर.”

“तेच म्हणते मी.”

केतकीचा फोन वाजला. निशिकांत होता. ती तासगावला जाणार हे त्याला माहीत होतं, आणि तो तिथली नोंद समोर लावून बसला होता.

“मॅडम, पिवळा लागलाय. नियमाप्रमाणे खोडू देऊ नका. एकट्याने पुन्हा नोंद घेऊ देऊ नका. मी इकडून तो नियम थांबवायला सांगितलाय, पण वेळ लागेल. या घराचा पिवळा मात्र मी स्वतः आरोग्य केंद्राला कळवलाय.”

“नाही खोडू देणार. काय दिसतंय? फुफ्फुसात आहे का? त्यांना खोकला आहे.”

पलीकडून कळांचा टकटक आवाज आला.

“निशिकांत.”

“त्यांचं सगळं ठीक आहे, मॅडम. खोकला साधा असेल. वास दुसऱ्या माणसाचा आहे. तुमच्या घरच्या राखणीमुळे तुमचा वास आमच्याकडे आहे, म्हणून ओळखता आलं.” त्याने श्वास घेतला. “जुना, हळू वाढणारा संसर्ग दिसतोय. मी डॉक्टर नाही. पण असा वास आम्ही क्षयाच्या वॉर्डात पाहिलाय. हाडांच्या. तुमची पाठ वगैरे—”

“हो,” केतकी म्हणाली. “दुखते.”

“कधीपासून?”

तिच्या डोळ्यांसमोर घाटातली ती खोली आली. तीच हवा, तेच यंत्र, तीच पाठ, आणि दर संध्याकाळी हिरवा दिवा. तिने फोन ठेवला.

“काय म्हणतोय?” शालनबाई पिशवी घेऊन दारापाशी पोचल्या होत्या.

“तुमचं नाहीये, आई.”

“मग?”

“माझं आहे.”

शालनबाईंनी पिशवी खाली ठेवली. त्या जवळ आल्या आणि काही न विचारता तिच्या कपाळावर हात ठेवला, मग मानेवर. हाताला भाकरीच्या पिठाचा वास होता. मग त्यांनी तिच्या पाठीवरून, कण्याच्या रेषेवरून, बोटं खाली नेली. पाठीच्या मधोमध एका मणक्यावर केतकी कळवळली.

“हितं?”

“हो.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“दिवाळीपासून,” शालनबाई म्हणाल्या. हात त्यांनी तिथून काढला नाही. “आणि रविवारच्या रविवारी मला विचारतीस, हिरवा का म्हणून.”

संग्राम गेल्यापासून केतकीला कुणी असा हात लावला नव्हता. तिला एवढंच वाटत होतं की आता हलू नये. अंग कुणाला आपलं म्हणतं ते आकड्यांत नाही, असं निशिकांत म्हणाला होता. तिच्या अंगाला ते ठरवायला एक दुपार पुरली होती. तिला स्वतःला इतकी वर्षं पुरली नव्हती.

“चाटून काढायचं मला जमणार न्हाई,” शालनबाई म्हणाल्या. “माझं दातबी खोटं हायत. पर बाकीचं बघू.”

केतकी हसली, आणि हसण्यात रडणं मिसळलं. शालनबाईंनी ते पाहिलं नाही असं दाखवत पदराने तिचा चेहरा पुसला, पोराचा पुसतात तसा, जोरात.

राखणीखाली ठेवलेला शालनबाईंचा फोन वाजला. आरोग्य केंद्राचा होता. शालनबाईंनी तो उचलला आणि दोघींना ऐकू येईल असा केला. पलीकडे एक तरुण, थकलेला आवाज होता. गाडी निघाली आहे. तपासणी सांगलीला होईल. साथीसारखं वेगळं ठेवणार नाहीत, एक माणूस बरोबर येऊ शकतं.

“येतंय की,” शालनबाई म्हणाल्या. “पिशवी भरून तयारच हाय.”

“आजी, हा हाडांचा क्षय असला तर औषधं बरेच महिने चालतात. एकही दिवस चुकवून चालत नाही. घरातल्या कुणीतरी रोज समोर बसून घ्यायला लावावी लागतात. पेशंटचा पत्ता आंबा घाटाचा दिसतोय. तिथे जवळ कोण असतं?”

शालनबाईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. दहाव्याच्या दिवशी विचारलं होतं ते त्यांनी आता विचारलं नाही. फोन हातात धरून त्या केतकीकडे बघत राहिल्या. जागा असूनही पाशिंजर दारातच घुटमळलं की कंडक्टर थांबतो, घंटी न देता, तशा.

“हॅलो? आजी? पेशंटजवळ कोण राहणार?”

केतकीच्या तोंडात तो नेहमीचा शब्द आला. ताटातली भाकरी, तिच्यावर वितळलेलं लोणी, भिंतीवरची पिवळी नक्षी. तो शब्द तिने गिळला आणि शालनबाईंच्या हातातल्या फोनकडे वाकून, पाठ दुखत असतानाही नीट वाकून, स्पष्ट म्हणाली,

“पत्ता बदला. तासगाव, स्टँडमागची गल्ली, माने. मी इथेच राहणार आहे, आईंच्याकडे. परतीचं काढणार नाही.”